ईकोची कॅम्पर घेऊन देवदारांत चार रात्री: आधी वजनकाटा, मग हिमाचल

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका जोडप्याने मारुतीची पेट्रोलवरची ईको व्हॅन घेऊन मागच्या सीट काढल्या आणि पलंग व खण बसवायचं काम सुतारावर सोपवलं. येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ही गाडी घेऊन त्यांना हिमाचलात शोजाजवळ, देवदारांच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावकऱ्याच्या जागेत चार रात्री राहायचंय. तिथे वीज नाही, नळ नाही. एक झरा आहे आणि खड्ड्याचं एक शौचालय. सोलर किती वॅटचं घ्यावं, हीटर कोणता बसवावा आणि घरचं १४.२ किलोचं सिलिंडर नेलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

तिन्हीची उत्तरं आधीच देऊन टाकतो. सोलर नको, हीटर नको आणि घरचं सिलिंडर तर नकोच. तुमच्या यादीत वाढवायच्या वस्तू फार नाहीत, कमी करायच्या बऱ्याच आहेत. गाडी जाईल, चार रात्री सुखाने काढता येतील, पण वजन आटोक्यात असेल तर.

ईकोचा दोष म्हणा की गुण, ती कुरकुरत नाही. मागे दोनशे किलो टाका नाहीतर चारशे, सपाटीवर सारखीच पळते. फरक कळतो तो घाटात, आणि तोही उतरताना. आता बेरीज करा: दोन माणसं १४० किलो, पलंग आणि खण ६०, साठ लिटर पाणी ६०, गॅस १२, बॅटरी व वायरिंग २५, बिछाना १२, शिधा आणि भांडीकुंडी ३०, कपडे १५, जॅक व हत्यारं १५, पोर्टेबल टॉयलेट १०. पावणेचारशेच्या वर गेलात, आणि यात तुम्ही विचारलेलं एकही यंत्र नाही.

पलंगाचे साठ किलो मी उदार मनाने धरलेत. सुतार घरातलं फर्निचर करतो तसंच गाडीतलं करतो: १८ मिमी प्लाय, वर सनमायका, आत दोन ड्रॉवर. आठ बाय चारची १८ मिमीची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, १२ मिमीची बावीस ते पंचवीस. पलंगाला ९ मिमी प्लाय घ्या आणि खालून दर फुटावर लाकडी पट्टी द्या. वाकत नाही, वजन निम्म्यावर येतं. ड्रॉवरऐवजी भाजी मंडईतले प्लास्टिकचे क्रेट सरकवा. ते उचलून बाहेर ठेवता येतात आणि मुक्कामावर स्टूल म्हणूनही चालतात.

सगळं भरून, टाकी फुल करून, दोघेही आत बसून वजनकाट्यावर जा. पिंपळगाव बसवंत, लासलगावकडे कांद्याच्या ट्रॅक्टरसाठी काटे सापडायला वेळ लागत नाही. तीन वेळा वजन घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. एकूण आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. मागच्या चाकांचा आकडा टायरवर छापलेल्या लोड इंडेक्सशी जुळवा. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, दोन टायरना मिळून ८७४. या हद्दीच्या अगदी काठावर असाल तर पाणी साठऐवजी तीस लिटर न्या. झरा तिथे आहेच. पाण्याचा कॅन मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत ठेवा. मागच्या दारापाशी ठेवलात तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग सैल लागतं. छतावर कॅरिअर टाकून तिथे पाणी ठेवायचा विचार मनातून काढून टाका.

सीट काढून गाडीचा मूळ नमुना बदलणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतं. आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या. परराज्यातल्या नाक्यावर हा वाद घालण्यात अर्धा दिवस जातो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी हेच पाहते.

आत्ता जानेवारी चालू आहे, म्हणजे थंडीची तालीम घरापासून तासाभरावर होते. निफाड पट्ट्यात या दिवसांत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, काही वर्षी त्याहून खाली. बागायतदार घड वाचवायला पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सुरू करतात ते याच दिवसांत. शोजा २,६०० मीटरवर आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथली रात्र निफाडच्या कडक पहाटेसारखी किंवा तिच्याहून दोन-चार अंशांनी थंड असते. ओळखीच्या कुणाच्या मळ्यात गाडी लावा, एक थर्मामीटर आत आणि एक बाहेर टांगा, आणि पूर्ण रात्र झोपा. सकाळी दोन गोष्टी टिपून ठेवा: आतल्या-बाहेरच्या तापमानात किती फरक राहिला, आणि पाणी कुठे कुठे साचलं.

पाणी साचणारच. झोपेतली दोन माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर किंवा जास्तच वाफ सोडतात. ती काचेवर, दाराच्या पत्र्यावर आणि छताच्या उघड्या पट्ट्यांवर थिजते. थंडीपेक्षा ही ओल जास्त छळते. पहिल्या रात्री काच ओली होते, दुसऱ्या रात्री गादीची भिंतीकडची कड, तिसऱ्या रात्री पांघरूण दमट होतं आणि दमट पांघरुणात पाच अंश म्हणजे शून्य. यावर इलाज एकच, हवा खेळती ठेवणं. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या काचा दोन-दोन सेंटिमीटर उघड्या हव्यात, एक पुढची, एक तिरपी मागची. ईकोची मागची बाजूची काच उघडत नसेल तर मागचं दार पूर्ण न लावता, पट्ट्याने बांधून बोटभर फट ठेवायची सोय करा. खिडक्यांना एसीच्या डक्टला लावतात तसली दहा मिमीची फोम शीट काचेच्या मापाने कापून घट्ट बसवा. वरच्या कडेला मात्र हवेपुरती जागा सोडा. गादी थेट प्लायवर नको. खाली नारळाच्या काथ्याची चटई टाका म्हणजे वारं खेळतं. सकाळी उठल्याबरोबर काचा पुसायला मायक्रोफायबरची दोन फडकी, आणि दहा वाजता ऊन आलं की गादी उभी करून सगळी दारं उघडी. हे रोज करायचं, कंटाळा आला तरी.

हीटर का नको ते यावरून कळेल. गॅसचा हीटर गाडीत लावला की तो जळताना आणखी वाफ सोडतो. ओल वाढते आणि वर कार्बन मोनॉक्साइडची भीती. कोळशाची अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. ईकोची जागा तर खोलीच्या मानाने फारच कमी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि माणसाला उठावंसंच वाटत नाही. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर सुरक्षित असतो, पण तुमची गाडी पेट्रोलची. त्याच्यासाठी वेगळी डिझेलची टाकी, पत्र्याला भोकं, आणि दीड-दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ झाल्याने इंधनाचं प्रमाण बदललं नाही तर आत काजळी धरून तो बंद पडतो. चार रात्रींसाठी एवढा खटाटोप कशाला? शून्य अंशाला पुरेल अशा कम्फर्ट रेटिंगच्या स्लीपिंग बॅग, वर एक घरची गोधडी, पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी आणि लोकरीची टोपी एवढं पुरतं. कम्फर्ट रेटिंगच पाहा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते तो आकडा. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘जीव वाचेल’ एवढ्याच तापमानाचा असतो. हीटर नसला तरी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावाच. शेजारच्या गाडीच्या इंजिनाचा धूरही तुमच्या फटीतून आत येऊ शकतो.

आता सोलर. तुमचा रोजचा वापर मांडू. चार वॅटचे दोन एलईडी चार तास, ३२ वॅट-तास. दोन फोन, ३०. कॅमेरा, १५. पाण्याचा छोटा पंप, १०. हवा खेळवायला पाच वॅटचा पंखा रात्रभर, ४०. सव्वाशे-दीडशेत दिवस निघतो. ऑक्टोबरात तिथे फ्रीज लागत नाही, रात्रभर बाहेरची हवाच फ्रीज असते. चार दिवसांचे सहाशे वॅट-तास झाले. १२.८ व्होल्टची ६० अँपिअर-तास एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी ७६८ वॅट-तास देते. म्हणजे पोचताना बॅटरी भरलेली असली की झालं, आणि दीड हजाराहून जास्त किलोमीटर गाडी चालवून आल्यावर ती भरलेली असणारच. देवदाराच्या सावलीत दोनशे वॅटचं पॅनेल वीस-तीस वॅटही धड देत नाही, आणि पॅनेल उन्हात राहावं म्हणून गाडी उघड्यावर लावलीत तर रात्री दवाने भिजाल.

बॅटरी चार्ज करायला वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, म्हणजे गाडी चालू असताना इंजिनाच्या विजेवर मागची बॅटरी भरणारा. जास्तीचा नको, लहान गाडीच्या अल्टरनेटरला दिवे, वायपर आणि ब्लोअरही सांभाळायचे असतात. पुढच्या बॅटरीपासून मागे पाच मीटर आणि परत पाच मीटर, अशी दहा मीटर तांब्याची वायर जाते. सहा चौरस मिमीच्या वायरमध्ये वीस अँपिअरला ०.५८ व्होल्ट गळतो, दहा चौरस मिमीत ०.३५. चार्जर ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी जास्त करंट ओढतो आणि बारीक वायर तापते. दहाची घ्या. पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात तीस अँपिअरचा फ्यूज, आणि मागच्या बॅटरीपाशी तसाच दुसरा. एकच फ्यूज लावून दुसरा विसरणं ही गॅरेजमधली नेहमीची चूक. वायर मधेच पत्र्याला घासून उघडी पडली तर दोन्हीकडच्या बॅटऱ्या तिच्यात करंट ओततात. एलएफपी बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, आत लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होते. गाडीच्या आत, पलंगाखाली ठेवली की शून्याला सहसा जात नाही. तरी लो-टेम्परेचर कटऑफ असलेली, म्हणजे फार थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मागूनच घ्या.

सिलिंडर पाच किलोचं घ्या. रोज दोन तास एक बर्नर म्हणजे साधारण तीनशे ग्रॅम, येण्याजाण्यासकट दहा-बारा दिवसांत साडेतीन किलो. ते पुरून उरतं. ते उभं, पट्ट्याने आवळून, गाडी चालू असताना रेग्युलेटर काढून. एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला तर पलंगाखाली साठून राहतो, म्हणून सिलिंडरच्या खणाच्या तळाला इंचभर भोक, थेट गाडीखाली उघडणारं, आणि गॅसचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वर, गॅसचा खाली. दोन्ही एकाच उंचीवर लावलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात.

स्वयंपाक बाहेरच, मागच्या वर उघडणाऱ्या दाराच्या आडोशाला. सकाळी ज्योत पिवळट, मंद दिसली की लोक रेग्युलेटर बदलतात. बिचाऱ्या रेग्युलेटरचा दोष नसतो. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. प्रोपेन आधी संपत जातो, त्यामुळे अर्ध्यावर आलेल्या सिलिंडरात ब्युटेन जास्त उरतं आणि थंड पहाटे दाब पडतो. सिलिंडर हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्याच्या घमेल्यात चार बोटं बुडवून ठेवा, पाच मिनिटांत ज्योत निळी होते. आच कधीही लावायची नाही. छोट्या कॅनवर चालणाऱ्या शेगड्यांत बहुधा नुसतं ब्युटेन असतं, त्यांचा तिथे पहाटे काही उपयोग नाही.

२,६०० मीटरवर पाणी ९१ अंशांना उकळतं. नाशिकला ९८ ला. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा आतून कच्चा राहतो. कुकर मात्र ही तूट बरीचशी भरून काढतो, वेळ पाव पट वाढवला की झालं. डाळ दोन तास भिजत घालून ठेवा. खरं तर तिथे डाळ शिजवायचीच कशाला? कुळथाचं पीठ, भाजलेला रवा, मेतकूट, घरून करून नेलेल्या दशम्या आणि एक कांद्याची पिशवी नेली तर निम्मा गॅस वाचतो. एक सूचना: लोणच्याची बरणी, तेलाची बाटली आणि शाम्पू नाशिकला घट्ट बंद केलेला असतो. वर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि झाकणातून तेल बाहेर येतं. शोजाच्या वाटेवर बंजार गावाच्या पुढे एकदा थांबून झाकणं अर्धा फेरा सैल करून पुन्हा लावा, आणि सगळ्या बरण्या एकाच क्रेटमध्ये ठेवा. गादीला लागलेलं कैरीच्या लोणच्याचं तेल चार रात्रींत सुकत नाही.

रस्ता धुळे, सेंधवा, इंदूर धरून वर चंदीगड, मग कीरतपूर, बिलासपूर, मंडी, पंडोह, औट. शिरपूरनंतरचा बिजासन घाट हीच ब्रेकची पहिली खरी परीक्षा, तिथे कळलं तर परत फिरायला घर जवळ असतं. त्याहूनही आधी, सप्तशृंग गडावर नांदुरीकडून भरलेली गाडी एकदा चढवून उतरवा, चैत्रोत्सव आणि नवरात्र सोडून कधीही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खाली नांदुरीला थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदला. नवं डॉट ३ प्रतीचं तेल २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलेलं तेल १४० च्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल फुस्सकन खाली जातं. डॉट ४ घातलं तर हेच आकडे २३० आणि १५५. कंपनीने गाडीला जे सांगितलंय त्याहून खालचं मात्र घालू नका.

मंडीत टाकी भरून घ्या. पंडोह-औट टप्प्यात वाटेत नदीकाठी उतरून फोटो काढायचा मोह आवरा. याच भागात थलौटजवळ ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते. औटला बंजारचा फाटा धरायचा, बोगद्यातून पुढे गेलात तर कुल्लूच्या वाटेला लागाल. पहिली रात्र बंजारच्या पुढच्या जिभी गावात काढा, १,८०० मीटरवर. नाशिक सहाशे मीटरवर आहे. अडीच हजाराच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ सुरू होते, मधे एक रात्र काढली की शरीराला सवड मिळते. जिभी ते शोजा सात-आठ किलोमीटरच आहे, पण चढ सरळसोट. विरळ हवेमुळे तुमच्या टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद नाशिकपेक्षा अठरा-वीस टक्क्यांनी घटलेली असते. पहिल्या गिअरमध्ये चढायला लाजू नका, क्लच अर्धवट दाबून गाडी लोंबकळवत ठेवू नका. क्लच जळाल्याचा वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. पुढचा जलोडी घाट ३,१२० मीटरवर, आणखी उभा आणि जागोजागी उखडलेला. भरलेली ईको तिथे नेऊ नका. गाडी मुक्कामावर ठेवून स्थानिक टॅक्सीने वर जा. तिथून सेरोलसर तळं चालत पाचेक किलोमीटर.

टायरची हवा शोजाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. उंचीमुळे गेजचा काटा तीनेक पीएसआय वर जातो, थंडीमुळे दर दहा अंशांना दीड-पावणेदोन खाली येतो. दोन्हीचा हिशोब अंदाजाने करत बसू नका. थंड टायर, स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा पंप, एवढंच.

मुक्कामावर चार वाजता पोचायचं. सहा वाजता नाही. ऑक्टोबरात डोंगराआड ऊन लवकर जातं आणि जागा पाहायला प्रकाश हवा. गाडी बाहेर थांबवून आधी पायी जा. वाट कुठे अरुंद होते, मधे वर आलेला दगड किंवा मूळ आहे का, आत गाडी वळेल का ते पाहा. मग मान वर करा. सुकलेली फांदी, कललेलं झाड, शेंडा मोडून दुसऱ्या फांदीत अडकलेला ओंडका, यांच्या खाली गाडी लावायची नाही. मेलेलं झाड आडवं झालं तर त्याच्या उंचीएवढी जागा व्यापतं, तेवढं अंतर ठेवा. झऱ्यापासून दूर आणि किमान दहा-पंधरा मीटर उंचावर. रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात उतरते, झऱ्याकाठी पहाटे सर्वात जास्त गारठा असतो. पूर्वेकडे झाडी मोकळी असेल अशी जागा मिळाली तर सकाळचं ऊन तास-दीड तास आधी येतं, आणि ओली गादी वाळवायला तो तास मोलाचा. हिरवळ मऊ दिसली तर टाचेने दाबून पाहा. टाच रुतून पाणी वर आलं तर गाडीही रुतेल, ईकोची ताकद मागच्या चाकांना आहे आणि ती चाकं भरलेल्या वजनाने आधी खाली जातात.

गाडी लावताना तोंड बाहेरच्या वाटेकडे. रात्री अडचण आली, किंवा पाऊस पडून माती निसरडी झाली, तर वळवत बसायला नको. पलंगावर लहान स्पिरिट लेव्हल ठेवा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.३ मीटर धरलं तर दोन अंशांचा कल म्हणजे साडेचार सेंटिमीटर, तेवढ्याला एक लाकडी फळी पुरते. डोक्याची बाजू किंचित वर. चढून आल्यावर हँडब्रेक कचकन ओढून ठेवू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि दोन्ही चाकांना लाकडी पाचर द्या. तापलेला ब्रेकचा ड्रम थंड होताना आकसतो आणि ओला ब्रेक रात्रीत चिकटून बसतो, सकाळी गाडी जागची हलत नाही.

झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वर कुणाची गुरं चरत असतील सांगता येत नाही. उकळी फुटल्यावर तीन मिनिटं उकळू द्या. दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून मिनिटभर पुरत नाही. भांडी घासल्याचं, आंघोळीचं, सगळं घाण पाणी झऱ्यापासून साठ मीटर लांब टाका. आधी चाळणीतून गाळून खरकटं वेगळं काढा आणि ते पिशवीत भरून परत आणा. गावच्या शौचालयाच्या खड्ड्यात पोर्टेबल टॉयलेटचं निळं रसायन ओतू नका, खड्ड्यातलं कुजणं थांबतं. रसायनाऐवजी कोकोपीट वापरा, नाशिकच्या कुठल्याही नर्सरीत पाच किलोची वीट मिळते. प्रत्येक वापरानंतर दोन मुठी, वास येत नाही. फक्त मालकाला आधी विचारून मगच खड्ड्यात टाका.

शेकोटी हवीशी वाटेलच. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जागा खाजगी असली तरी खाली पडलेल्या देवदाराच्या सुयांचा (सुईसारख्या पानांचा) थर बोटभर खोलपर्यंत कोरडा असतो. वरची आग विझली तरी तो आतल्या आत धुमसत जातो. मालकाने ठरवून दिलेल्या जागी, दगडांच्या कड्यात, त्याच्याच लाकडाने, आणि विझवताना पाणी ओतून राखेत हात घालून गार लागेपर्यंत.

माकडं दिवसा येतात, अस्वल रात्री. दोघांनाही वास लागतो. कांदे, बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, सगळं गाडीत आणि काचा फक्त त्या दोन फटींपुरत्या. उंदीर मात्र बॉनेटखालच्या ऊबेला येतात आणि वायरचं आवरण कुरतडतात. सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहा. वायपरखालच्या जाळीतल्या सुयाही रोज काढा. त्या पाण्याची वाट अडवतात आणि मग पावसाचं पाणी पायाशी उतरतं. टपावर पडलेली राळ ओली असतानाच खाण्याच्या तेलाच्या फडक्याने निघते, वाळली की पेंट घेऊनच येते.

परतीच्या सकाळी घाई करू नका. आधी पाचर काढून गाडी हातभर पुढे-मागे हलवा, चिकटलेला ब्रेक सुटल्याचा ‘टक’ ऐका. पाण्याचे कॅन रिकामे करून निघा, साठ किलो उतरतात. जिभीपर्यंत पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ पण जोरात, आणि सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. बंजारला चहाला थांबा, चहा सांगायच्या आधी चारही रिमजवळ हात नेऊन या.